विंडोज ११ च्या अपडेटनंतर पीएस४ कंट्रोलरचं बटण दोनदा लागतंय

प्रश्न
लॅपटॉपवर विंडोज ११ चं २४एच२ अपडेट बसलंय. पीएस४ चा कंट्रोलर ब्लूटूथवर, डीएस४विंडोज (हा कंट्रोलर विंडोजवर चालवणारं अॅप) मधून वापरतो. आता मेनूत खालचं बटण एकदा दाबलं की निवड दोन ओळी खाली जाते. डीएस४विंडोजमध्ये कंट्रोलर आणि बॅटरी दोन्ही दिसतात. पुन्हा पेअर करूनही तेच. विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

प्रतिसाद १
अजिबात नको. तुमच्या गेमला एकाच्या जागी दोन कंट्रोलर दिसताहेत. डीएस४विंडोज हे विगेमबस नावाच्या ड्रायव्हरकडून एक आभासी एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर उभा करतं, आणि खरा कंट्रोलर गेमपासून लपवायचं काम हिडहाइड या दुसऱ्या ड्रायव्हरचं. मोठ्या अपडेटमध्ये विंडोजची नवी प्रत बसते आणि जुने ड्रायव्हर तिच्यात हलवले जातात. त्यात हिडहाइडसारखा फिल्टर ड्रायव्हर कधीकधी सुटतो.

आधी खात्री करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून इंग्रजीत ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) सलग टाइप करा. यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ आणि ‘एक्सबॉक्स ३६० फॉर विंडोज’ अशा दोन्ही ओळी असतील, तर हिडहाइड काम करत नाहीये. फक्त पहिलीच असेल तर विगेमबस बंद आहे; त्याची शेवटची आवृत्ती १.२२.० पुन्हा बसवा. तो प्रकल्प २०२३ मध्ये थांबला, त्यामुळे याहून नवी कुठे दिसली तर हात लावू नका.

हिडहाइड काढा, रीस्टार्ट, पुन्हा बसवा, परत रीस्टार्ट. मधला रीस्टार्ट टाळू नका. मग त्याच्या सेटिंगमध्ये अॅप्लिकेशन्सच्या यादीत डीएस४विंडोजची फाइल जोडा, डिव्हाइसेसमध्ये कंट्रोलरवर टिक करा आणि खालचा लपवण्याचा चौकोन चालू करा. शेवटी कंट्रोलर बंद करून पुन्हा जोडा; आधीपासून जोडलेला असेल तर तो लपत नाही.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण स्टीम (गेम घेऊन खेळायचं अॅप) वापरत असाल तर तेही तपासा. त्यातली कंट्रोलर हाताळणारी सोय, स्टीम इनपुट, स्वतःचा आभासी कंट्रोलर बनवतं, म्हणजे तिथेही दुहेरी दाब. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलर या भागात ते बंद करा. सगळे गेम स्टीमवरच असतील तर माझ्या मते उलट करा: डीएस४विंडोज बंद ठेवा, स्टीम इनपुट पुरेसं आहे.

आणि कोणी मेमरी इंटेग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. विगेमबस ती चालू असतानाही चालतो.

प्रश्नकर्ता
दोन्ही ओळी होत्या. हिडहाइड पुन्हा बसवल्यावर ब्लूटूथवर ठीक झालं. यूएसबी केबल लावली की मात्र पुन्हा दोन दिसतात.

प्रतिसाद १
यूएसबी आणि ब्लूटूथ या हिडहाइडला दोन वेगळ्या नोंदी आहेत. केबल लावलेली असताना डिव्हाइसेस उघडा, नव्या ओळीवरही टिक करा, केबल काढून परत लावा. पुढे डीएस४विंडोजचं फोल्डर हलवलंत तर अॅप्लिकेशन्समध्ये नवा पत्ता द्यायचा, नाहीतर कंट्रोलर खुद्द डीएस४विंडोजलाच दिसणार नाही.