अनुभव धागा: ऑरोराची किट्स, शॉक पॅकेज आणि ते मॉन्स्टरवेड

चांदणवेल
काल टीव्हीवर स्वेनगूलीने (भयपट दाखवणारा अमेरिकन सूत्रधार) १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाईन' लावला आणि सगळं परत वर आलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्क्रीन जेम्स या टीव्ही-वितरण कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने सिनेमे 'शॉक' नावाने अमेरिकेतल्या स्थानिक स्टेशनांना दिले. रात्री उशिरा लागायचे, शहरागणिक वेगळा भुतासारखा नटलेला सूत्रधार. १९५८ ला 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' मासिक, १९६१ पासून ऑरोरा कंपनीची किट्स, म्हणजे राक्षसांचे जोडायचे प्लास्टिकचे पुतळे. नुसतं बघून भागायचं नाही, पोरं चिकटवायची, रंगवायची, तोंडाला कापूस लावायची, घरात रिळं फिरवायची. त्या वस्तू अजून माळ्यांवर आणि गराज सेलमध्ये सापडतात. ज्यांना त्या हाताळता येतात त्यांनी तपशिलात लिहा. काय बिघडतं तेही लिहा.

सँडपेपर
ऑरोरा म्हटलं की मी आलोच. जुनं किट असो वा नव्याने काढलेलं, आधी सगळे भाग कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा. साच्याचं तेल राहिलं की रंग पापुद्र्यासारखा निघतो. ट्यूबमधला घट्ट ग्लू टाळा, तो पृष्ठभाग वितळवून सुरकुत्या पाडतो. दोन अर्धे भाग जुळवून धरायचे आणि पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा द्रव) ब्रशने फटीच्या कडेला टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. मग थोडं दाबा म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. एक रात्र वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ती कड ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, घासा. हाता-पायांची शिवण यानेच जाते. घाई केली तर आठवड्याने तिथे खाच पडते, कारण आतलं प्लास्टिक तोवर आकसत असतं.

झोपाळा
+१. आणि ते चित्रकार जेम्स बामाचं खोक्यावरचं चित्र! किटपेक्षा खोकं महाग जातं आता.

चांदणवेल
हो ना, आणि मूळ किंमत ९८ सेंट.

निळीशाई
चकल्या तळतेय, मधे मधे लिहिते. रंगाबद्दल: 'फ्रँकेन्स्टाईन'मध्ये राक्षस झालेल्या कार्लॉफला मेकअपवाल्या जॅक पिअर्सने हिरवट-राखाडी ग्रीजपेंट (तेलकट मेकअप) लावलं होतं ते कृष्णधवल फिल्मवर प्रेतासारखं फिकट दिसावं म्हणून. पोपटी राक्षस नंतर आला. म्हणून चेहऱ्याला राखाडीत थोडासाच हिरवा मिसळा. पूर्ण वाळल्यावर गडद तपकिरी रंग खूप पातळ करून सुरकुत्यांत सोडा, वरचा पुसून घ्या. शेवटी फिकट रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश नाक, कपाळ, गालाच्या हाडांवर फिरवा. ब्रश आधी कागदावर इतका पुसायचा की डाग उमटेनासा होईल. आणि मानेतले ते बोल्ट नाहीत हो, इलेक्ट्रोड आहेत! कढई बोलावतेय.

झोपाळा
निळीशाई, चकली भाजणीची की तांदळाची?

निळीशाई
भाजणीची. तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळून परत मळा.

गजर
अंधारात चमकणाऱ्या किटबद्दल कोणीच लिहिलं नाही? १९६९ पासून ऑरोराने त्याच राक्षसांना चमकणारी डोकी, हात वगैरे जादा दिले. त्या भागांवर प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) अजिबात नको, राखाडी थर बसला की चमक संपली. फक्त पातळ वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) द्या, तोही खाचांपुरता. साध्या भागावर चमकणारा रंग लावायचा असेल तर खाली शुद्ध पांढरा, त्यावर दोन-तीन थर. त्या रंगातली चमकणारी पूड जड असते, बाटलीच्या तळाला बसते, म्हणून दर वेळी ढवळा. नाहीतर वरचं नुसतं माध्यम लागतं आणि लोक रंगाला नावं ठेवतात.

नवखा_७
कोणीतरी आधीच रंगवलेला ड्रॅक्युला मिळालाय, एनॅमलचा जाडजूड थर. ॲसिटोन चालेल का?

सँडपेपर
अजिबात नाही! ॲसिटोन आणि लॅकर थिनर दोन्ही किटचं प्लास्टिक (स्टायरीन) खातात, चेहरा जाईल. ऑटोच्या दुकानात जांभळा डीग्रीझर मिळतो, त्यात झाकण लावून रात्रभर ठेवा, हातमोजे घाला, मग जुन्या टूथब्रशने घासा. आधी केपच्या आतल्या बाजूला एक कोपरा तपासून बघा. जुने ग्लूचे सांधे सैल होऊ शकतात, ते चांगलंच, सरळ करून परत जोडता येतात.

रीळकाका
आता माझा विषय. कॅसल फिल्म्स या कंपनीची, घरी बघायची ८ एमएमची रिळं. २०० फुटी सुपर ८ रीळ १८ फ्रेमच्या वेगाने सुमारे १३ मिनिटं चालतं, म्हणजे अख्खा सिनेमा तेवढ्यात कापलेला. सगळ्यात मोठी गडबड प्रकार ओळखण्यात होते. रेग्युलर ८ ची छिद्रं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर, सुपर ८ ची लहान आणि फ्रेमच्या मध्याजवळ. चुकीच्या प्रोजेक्टरवर चढवलं तर छिद्रं फाटत जातात. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट (फिल्मच्या पट्टीचं प्लास्टिक) कुजायला लागलंय. ते रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, हवाबंद डब्यात कोंडू नका, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. आकसलेलं असेल तर प्रोजेक्टरवर न चालवता स्कॅन करून घ्या. तुटलं तर टेपने जोडा. फिल्म जोडायचं सिमेंट फक्त ॲसिटेटला धरतं, पॉलिएस्टरला नाही.

चांदणवेल
काका, हे सोन्यासारखं आहे. धन्यवाद.

ऊनसावली
मेकअप! सिनेमातल्या वुल्फ मॅनला (लांडगा-माणूस) पिअर्सने याकचे केस चिकटवले होते. आज क्रेप केस (मेकअपसाठी वेणी घालून मिळणारे केस) घ्या, वेणी उलगडून वाफेवर सरळ करा. स्पिरिट गम (त्वचेला लावायचा मेकअपचा गोंद) लावून तो बोटाला चिकचिकीत लागेपर्यंत थांबा, ओल्यावर केस घसरतात. हनुवटीच्या खालून सुरुवात करून वर गालाकडे जायचं, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीच्या मुळांना झाकते. फ्रँकेन्स्टाईनच्या राक्षसाचं कपाळ कापूस आणि कोलोडियनचं (वाळून पापुद्रा होणारा द्रव) होतं. कोलोडियनमध्ये ईथर असतं, भडकन पेटतं, वाफ वाईट. घरी कापूस आणि द्रव लेटेक्स वापरा: पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून ॲलर्जी बघा. भुवयांना आधी व्हॅसलीन, नाहीतर काढताना केस सोबत येतात.

गजर
लेटेक्सवरून, जुने रबरी मुखवटे घडी करून ठेवू नका. आत बिनआम्लाचा टिश्यू भरा, वर्तमानपत्र नको, आणि उन्हापासून लांब. एकदा टणक झालेलं रबर परत मऊ होत नाही.

पावसाळी
मुंबईत हे सगळं जमतं का? मासिकांना बुरशी धरते.

निळीशाई
जमतं. मासिक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे बिनआम्लाचा पुठ्ठा, उभं ठेवायचं. पीव्हीसीची पिशवी नको, शाई चिकटते. पिना गंजल्या असतील तर आतून वाकवून काढा, ओढू नका. कपाटात रंग बदलणारं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा आणि रंग बदलला की गरम करून परत कोरडं करा. स्प्रे प्रायमर मात्र जुलैत मारूच नका, दमट हवेत पांढरा धूसरपणा येतो. दिवाळीनंतर मारा.