बसल्या जागी छातीत धडधड : तुमचा अनुभव सांगा

रानजाई
मागच्या महिन्यात ऑफिसात मीटिंग चालू असताना छातीत एकदम कबुतर फडफडायला लागलं. हातातल्या घड्याळावर आकडा १८२. धावत नव्हते, भांडत नव्हते, चहासुद्धा अर्धाच झाला होता. वीस मिनिटांनी आपोआप थांबलं. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी ७८, ईसीजी नॉर्मल, निदान 'टेन्शन'. स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके ठीक, एवढं मलाही ठाऊक आहे. पण १८२? कुणाला असं झालंय का?

अर्धा पुणेकर
अकरा वर्षं हेच भोगलं. खटका दाबल्यासारखं चालू, खटका दाबल्यासारखं बंद. आणि एक लाजिरवाणी गोष्ट : दर वेळी नंतर तासभर सारखं लघवीला. घरचे हसायचे. हृदयतज्ज्ञ मात्र हे ऐकताच सावरून बसले. म्हणाले, "पुढच्या वेळी धडधड चालू असतानाच ईसीजी काढा. थांबल्यावर काढलेल्यात बहुतेकदा काही सापडत नाही."

तसंच केलं. रिक्षाने थेट कॅज्युअल्टीत. १९६ ठोके, एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून अचानक उठणारी जलद धडधड). आधी १० मिलीची रिकामी सिरिंज हातात दिली : दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंका. लगेच मला आडवं करून पाय वर धरले. पुष्कळांचं यानेच थांबतं, माझं नाही थांबलं. मग ॲडेनोसिनचं इंजेक्शन. "काही सेकंद फार वाईट वाटेल," असं बजावूनच देतात. वाईट? संपलो असंच वाटलं. मग पडद्यावर ८८.

माझ्या हृदयात विजेला जायला एका वाटेऐवजी दोन वाटा निघाल्या, म्हणून ती मधेच गोल गोल फिरत बसायची. जांघेतल्या शिरेतून तार घालून जादा वाट जाळली. सहा वर्षं झाली, परत नाही.

सांगलीकर काकू
आमच्या ह्यांना (वय ७१) धडधड अशी कळलीच नाही, नुसता जिना चढताना दम. घरच्या बीपीच्या मशीनवर नाडी एकदा ९६, लगेच १३४, मग ११०. मला वाटलं सेल गेले. नाडी भरभर तर होतीच, वर ताल नव्हता : एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयात गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. ती चुकवायची नाही हे मी रोज ओरडून सांगते.

भाकरवडी
माझी रात्रंदिवस ११०. हात थरथरायचे, वजन सात किलो उतरलं आणि सगळे "काय छान बारीक झालीस!" म्हणून अभिनंदन करत होते. निघाला थायरॉइड. टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत होता.

वाफाळता चहा
माझे पॅनिक अटॅक होते. हळूहळू चढायचं, हळूहळू उतरायचं. पण डॉक्टरांनी ते ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून मग सांगितलं, तोंडाकडे बघून नाही.

नाइट ड्युटी
कॅज्युअल्टीत नर्स आहे. धडधडीबरोबर छातीत दुखणं, धाप, डोळ्यांपुढे अंधारी किंवा शुद्ध हरपणं यातलं काहीही असलं तर १०८ लावा, स्वतः गाडी चालवत येऊ नका. व्यायाम करताना कुणी बेशुद्ध पडला, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आता बरं वाटत असलं तरी दाखवा. सिरिंजचा प्रकार निदान झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून करावा. मानेची नस तर स्वतः अजिबात चोळू नका, वयस्कर माणसांत त्याने पक्षाघाताचा धोका असतो. आणि ईसीजीच्या कागदाचा फोटो काढून ठेवा, फाइल घरी राहते, मोबाइल नाही.

रानजाई
पुणेकर, तुमचं वाचून हबकले. त्या मीटिंगनंतर मी तीनदा उठून गेले होते. डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही.