मदत हवी आहे: गिटारला 10 च्या तारा चढवल्या आणि ब्रिजच उचलला गेला

मंडळी, परभणीहून विचारतोय. स्ट्रॅट पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे, ट्रेमोलो ब्रिजवाली (तारा टेकतात तो ब्रिज स्प्रिंगांच्या ताणावर हलतो). 9 च्या तारा काढून 10 चा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट चढवला, तर ब्रिज मागून उचलला गेला. कंपासपेटीतली पट्टी लावली: बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरची आडवी धातूची पट्टी) जाडी तार जवळपास 3 मिमी वर! आधी 2 च्या आत होती.

मग मी शहाणपणा केला. 1.5 मिमीच्या ॲलन कीनं सगळी सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते ते तुकडे) खाली घेतली. आता त्यांचे स्क्रू तळहाताला टोचतात, अन् पातळ तार पंधराव्या फ्रेटपुढं खरखरते.

नेक, म्हणजे दांडा, ठीक वाटते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबला की मधे जाड कागदाएवढीच फट राहते, म्हणून ट्रस रॉडला (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) हात लावला नाही. मागचं झाकण उघडलं तर आत तीनच स्प्रिंगा. इथले हार्मोनियमवाले काका त्या बघून हात जोडून मोकळे झाले.

चौथी स्प्रिंग टाकू, की स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू आवळले तरी भागेल? आवळताना तारा सैल करायच्या का? आणि सॅडल आधी वर घ्यायची की ब्रिज बसल्यावर? रविवारी लग्नात वाजवायचंय, जरा लवकर सांगा.