बॅकअपसाठी थंडरबोल्ट घ्यावं का?

प्रश्न: व्हिडिओ एडिटिंग करते. एकेका प्रोजेक्टच्या फायली ४०० जीबीच्या घरात जातात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क यूएसबी ३.० ला जोडते, तरी कॉपीला तासभर लागतो. थंडरबोल्टने (यूएसबी ३.० पेक्षा वेगवान जोडणी) फरक पडेल?

उत्तर: नाही हो. फिरणारी डिस्क असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच देणार. तुमचा यूएसबी ३.० चा, सेकंदाला ५ गिगाबिटचा पोर्टही तिला भरता येत नाही. एनव्हीएमई एसएसडी (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) घ्या, १० गिगाबिटच्या यूएसबीवर. सात-आठ मिनिटांत काम. फक्त स्वस्तातल्या एसएसडी मोठ्या कॉपीत मध्येच दमतात, तेवढं बघा.

उत्तर: आणि केबल! चार्जरसोबतची टाइप-सी केबल बरेचदा यूएसबी २.० चीच असते, ४८० मेगाबिट. एसएसडीसोबत आलेलीच वापरा.

प्रश्नकर्ती: फिरणारीच आहे. लॅपटॉपला १० गिगाबिटचा पोर्ट सापडला! थंडरबोल्ट रद्द, जुनी डिस्क दुसऱ्या प्रतीसाठी ठेवते.