कॉलेज फुटबॉलच्या मैदानावर गाणं कुणी वाजवायचं: बँडनं की स्पीकरनं?

कोलंबसकर

मत आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यांत दोन खेळींच्या मधे स्पीकरवर रेकॉर्ड लावणं बंद व्हायला पाहिजे. वाजायचं ते विद्यार्थ्यांच्या बँडनं वाजवावं, आणि आरोळी उठायची ती स्टँडमधून उठावी.

मी ओहायो स्टेट विद्यापीठाचा. आमच्या बँडमध्ये २२८ पोरं-पोरी, नुसती पितळी वाद्यं आणि ड्रम. १९६५ च्या ऑक्टोबरात इलिनॉयविरुद्धच्या सामन्यात या बँडनं 'हँग ऑन स्लूपी' पहिल्यांदा वाजवलं. गाणं तेव्हा रेडिओवर गाजत होतं, म्हणजे होतं बाहेरचंच. पण जॉन टॅटगेनहॉर्स्टनं ते बँडसाठी बसवलं आणि पुढे लोकांनी धृपदातल्या मोकळ्या ठोक्यांवर हातांनी ओ, एच, आय, ओ अशी अक्षरं करायला सुरुवात केली. 'ओ'साठी हात डोक्यावर गोल, 'आय'साठी सरळ वर. शेजारी कोण उभं आहे हे माहीत नसलं तरी लाखभर माणसांची अक्षरं एका ठोक्यावर पडतात. १९८५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं हेच गाणं ओहायोचं अधिकृत रॉक गाणं म्हणून मान्य केलं.

बँडला खेळ दिसतो, हा माझा मुख्य मुद्दा. समोरचा संघ थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या तिसऱ्या प्रयत्नाला, अडकला की ड्रम आपोआप चढतात. आपला खेळाडू जखमी होऊन पडला की वाद्यं खाली येतात. स्पीकरवाल्याकडे यादी असते. चेंडू खेळात येताना बँड आणि स्पीकर दोघांनीही गप्प बसायचं असा नियम आहे, म्हणून गाणं कडव्याच्या मध्येच कापतात आणि पुढच्या खेळीनंतर दुसऱ्याच गाण्याचा तुकडा लावतात. हे तुकडेही सगळीकडे तेच. 'सेव्हन नेशन आर्मी' ऐकू आलं तर तुम्ही कोणत्या राज्यात बसला आहात हे डोळे मिटून सांगता येणार नाही.

मिशिगनचं कौतुक करणं आम्हा ओहायोवाल्यांना जड जातं, तरी करतो. १८९८ मध्ये त्यांनी शिकागोला १२-११ असं हरवलं आणि त्या आनंदात लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्यानं 'द व्हिक्टर्स' रचलं. ते आजही वाजतं. असं गाणं एका सामन्याच्या पोटातून येतं, कंपनीच्या यादीतून येत नाही.

मॅडिसनवाली

साफ असहमत, आणि माझं उदाहरण तुम्हाला टाळता येणार नाही.

विस्कॉन्सिनच्या कॅम्प रँडल मैदानावर तिसरं क्वार्टर संपलं की 'जंप अराउंड' लागतं. स्पीकरवरच. १९९८ मध्ये पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात सुरू झालं. २००३ च्या हंगामाच्या सुरुवातीला विद्यापीठानं बांधकामाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन ते बंद केलं, तर विद्यार्थ्यांनी विरोध करून ते परत आणलं. इंजिनिअरांनीही स्टँडला धोका नसल्याचं सांगितलं. वरून लादलेल्या गाण्यासाठी कुणी असं भांडत नाही.

मी पुण्याहून आले तेव्हा डाउन म्हणजे काय, दहा यार्ड कशासाठी, काही कळत नव्हतं. बँडच्या गाण्यांचे शब्द तर वर्गातल्या अमेरिकन मुलांना घरूनच येत होते. 'जंप अराउंड'ला शब्द यावे लागत नाहीत. नोव्हेंबरातली थंडी, बोटं बधिर, बाकावर उभे राहिलेले विद्यार्थी, आणि ते सुरुवातीचं किंचाळणं आलं की पायाखालचा स्टँड हलायला लागतो. पाहुण्या संघाचे पाठीराखेही उड्या मारतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा 'आमचं विद्यापीठ' म्हणाले.

आणि बँडची गाणी तरी कुठे पोटातून आलेली? आमचं 'ऑन, विस्कॉन्सिन' घ्या. १९०९ मध्ये विल्यम पर्डीनं ती चाल मिनेसोटा विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी बांधली होती, शेवटच्या क्षणी ती विस्कॉन्सिनला मिळाली. ओक्लाहोमाच्या 'बूमर सूनर'ची चाल येलच्या 'बूला बूला'वरून घेतलेली. गाणं कुठून आलं यापेक्षा ते कोण गातंय हे बघा.

भरत नाट्यची मागची रांग

कोलंबसकरांना +१. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी 'अरे आवाज कुणाचा' सुरू होतं, तेव्हा कॉलेजांकडे घशाशिवाय काही नसतं. त्यामुळेच समोरचं कॉलेज उत्तर देऊ शकतं. स्पीकरला उत्तर देता येत नाही, तो सगळ्यांना झाकून टाकतो.

मॉर्गनटाउनचा डोंगरी

वेस्ट व्हर्जिनियात १९७२ पासून 'कंट्री रोड्स' सामन्याआधी वाजतं. १९८० मध्ये नवं मैदान सुरू झालं तेव्हा जॉन डेन्व्हर स्वतः येऊन गायला होता. जिंकल्यावर खेळाडू विद्यार्थ्यांच्या स्टँडसमोर येतात आणि सगळे मिळून गातात. मला विचाराल तर बँड की रेकॉर्ड हा प्रश्नच दुय्यम. लोकांचा आवाज वर येतो का, एवढंच बघायचं.

लाँगहॉर्न लातूरकर

सगळे 'कशावर वाजतं' यावर बोलताय. 'काय वाजतं' यावर कुणीच नाही. मी ऑस्टिनमध्ये, टेक्सस विद्यापीठात शिकले, म्हणून बोलते.

'द आइज ऑफ टेक्सस' हे आमच्या विद्यापीठाचं गाणं. १९०३ मध्ये ते पहिल्यांदा सादर झालं ते मिन्स्ट्रेल शोमध्ये, जिथे गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे. जून २०२० मध्ये विद्यापीठाच्या खेळाडूंनी हे गाणं बदला अशी जाहीर मागणी केली. शनिवारी ज्यांच्या नावानं आपण घसा फोडतो, त्याच पोरांनी. विद्यापीठानं गाणं ठेवलं. त्याच महिन्यात फ्लोरिडा विद्यापीठानं मात्र 'गेटर बेट' ही आरोळी बंद केली. काळ्या मुलांना मगरीचं आमिष म्हणून दाखवणारी जुनी चित्रं अमेरिकेत सर्रास छापली जायची, त्या शब्दांमागे तो इतिहास आहे. त्यांच्या मैदानावर तिसऱ्या क्वार्टरनंतर टॉम पेटीचं 'आय वोन्ट बॅक डाउन' गातात, तो त्यांच्याच गेन्सव्हिल गावचा. कुणाच्या उत्साहात काही कमी पडत नाही. खेळाडूला जे गाणं ऐकताना मान खाली घालावीशी वाटते, ते परंपरा म्हणून वाजवत राहणं मला पटत नाही.

ह्यूस्टनचे काका

ताई, मीही तिथलाच, तुमच्या बऱ्याच आधीचा. गाणं जन्मलं कुठे एवढ्यावर त्याचा निकाल लावू नका. विद्यापीठानं समिती नेमली, तिचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला, आणि त्यात गाण्यामागे वंशद्वेषाचा हेतू असल्याचं दिसत नाही असं म्हटलं आहे. मिन्स्ट्रेल शोचा इतिहास त्यांनी लपवला नाही, सविस्तर मांडला. पदवीदानाला हे गाणं होतं, लग्नांत होतं, माझ्या वर्गमित्राच्या अंत्यविधीला आम्ही हात वर करून तेच म्हटलं. त्यात त्याची काळी वर्गमैत्रीणही होती, आणि ती रडत रडत गात होती. तिच्यासाठी त्या गाण्याचा अर्थ काय, हे बाहेरच्यानं ठरवू नये.

लाँगहॉर्न लातूरकर

काका, तिनं गायलं त्याचा मला आदरच आहे. पण ती स्वतःहून गात होती. हरल्यानंतरही मैदानावर थांबून उभं राहायचं, अशी अपेक्षा ज्याच्याकडून केली जाते त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं काय? स्वेच्छेनं गाणारे आहेत म्हणून नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं रद्द होत नाही.

कोलंबसकर

लातूरकर, तुमच्या मुद्द्यानं माझा मुद्दा आणखी पक्का होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये बेलरविरुद्धच्या सामन्याला टेक्ससच्या बँडनं ते गाणं वाजवलं नाही. बँडमध्ये पाहणी घेतली, आणि वाजवायला तयार असलेल्या वादकांत वाद्यांचा मेळ पुरेना. मग मैदानावर काय झालं? त्या हंगामात रेकॉर्ड लावत होतेच, तीच लावली. माणसं नको म्हणाली, स्पीकरला म्हणता येत नाही. मला स्पीकर नको आहे तो नेमका यासाठी.

मिसिसिपीचंही बघा. तिथे 'फ्रॉम डिक्सी विथ लव्ह' या धुनेच्या शेवटी विद्यार्थी 'साउथ पुन्हा उठेल', म्हणजे गुलामगिरीसाठी लढून हरलेला दक्षिण भाग पुन्हा उठेल, अशी घोषणा घालायचे. कुलगुरूंनी आधी घोषणा थांबवा म्हणून सांगितलं, ती थांबेना, तेव्हा २००९ मध्ये बँडनं ती धुनच सोडली. २०१६ मध्ये त्याच जुन्या दक्षिणेचं 'डिक्सी' हे गाणंही गेलं. लुइझियाना स्टेटमध्ये एका धुनेवर पोरं अश्लील शब्द म्हणायला लागली, तर बँडनं ती वाजवणं थांबवलं. बँडशी बोलता येतं. त्याला चेहरा आहे, त्याचा संचालक आहे, सोमवारी तालमीला भेटतो.

मॅडिसनवाली

पण ही सगळी धोक्याची गाणी बँडचीच निघाली की! 'डिक्सी', 'द आइज ऑफ टेक्सस', सगळी जुनी, सगळी पितळी वाद्यांवरची. 'जंप अराउंड'मुळे कुणाला मान खाली घालावी लागली नाही. परदेशातून आलेल्या, पहिल्यांदाच मैदानावर पाऊल टाकणाऱ्या मुलीला सामावून घेणारं गाणं स्पीकरवरचं निघालं, हे मी कसं विसरू?

मॉर्गनटाउनचा डोंगरी

कोलंबसकर, 'स्लूपी' बँडनं रेडिओवरून उचललं तेव्हा लोकांना आधी रेकॉर्डच पाठ होती. रेकॉर्डशिवाय तुमची ती चार अक्षरंही झाली नसती.

लाँगहॉर्न लातूरकर

कोलंबसकर, बेलरच्या सामन्यापर्यंत तुम्ही बरोबर सांगितलंत, पण पुढचं राहिलं. २०२१ च्या वसंतात विद्यापीठानं जाहीर केलं की लाँगहॉर्न बँडमध्ये, म्हणजे टेक्ससच्या या बँडमध्ये, राहायचं तर हे गाणं वाजवावंच लागेल. ज्यांना वाजवायचं नाही त्यांच्यासाठी वेगळा बँड काढू. म्हणजे नकार देणाऱ्या पोरांना त्या बँडमधूनच बाहेर जायचा रस्ता दाखवला. शनिवारी मैदानावर तुम्हाला दिसतो तो होकार देणाऱ्यांचा बँड. मग तुमच्या बँडला नको म्हणता येतं, ते नेमकं कोणाच्या परवानगीनं?