कार्ब्युरेटरमध्ये फेरबदल केल्यानंतर मिनीबाईकचे इंजिन सुरू होत नाही

पांढरे_सोने (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

जाणकार मंडळींना नमस्कार. माझा पुतण्या आयटीआयमध्ये शिकतो. भंगारात निघालेल्या एका पॉवर वीडरचे (तण काढायच्या यंत्राचे) पेट्रोल इंजिन घेऊन त्याने गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात पाईप वाकवून एक मिनीबाईक तयार केली आहे. इंजिन 196 सीसीचे, चार स्ट्रोकचे आणि दोरी ओढून सुरू करायचे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर डबा पोचवण्यापासून मोटर चालू करून येण्यापर्यंतची कामे या गाडीने विनातक्रार केली.

त्यानंतर मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून त्याने ताकद वाढवण्याचे मनावर घेतले. एअर फिल्टरचा मूळचा डबा काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला, त्यासाठी लेथवाल्याकडून तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची फ्लँज (जोडणीची चकती) करून घेतली आणि कार्ब्युरेटरचे मेन जेट (रेस दिल्यावर ज्या बारीक छिद्रातून पेट्रोल येते ते) एक मिलिमीटरच्या ड्रिलने मोठे केले. पायलट जेट (कमी फेऱ्यांवर पेट्रोल देणारे) काढून साफ केले आणि पुन्हा बसवले. इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा घालणाऱ्या गव्हर्नरला अजून हात लावलेला नाही, पण तो काढण्याचा विचार चालू आहे.

तेव्हापासून इंजिन सुरूच होत नाही. चोक लावून कितीही दोरी ओढली तरी प्लग कोरडाच निघतो. प्लग हेडला टेकवून पाहिल्यास करंट, म्हणजे ठिणगी, निळा आणि जोरदार दिसतो. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलचे चार थेंब टाकून, प्लग लावून दोरी ओढली की इंजिन क्षणभर धडधडते आणि बंद पडते. जेट फार मोठे झाल्यामुळे असे होते आहे का, की दोष दुसरीकडे आहे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

स्पेअरवाला (हिंगणघाट)

दादा, एवढा वेळ घालवण्यापेक्षा नवा कार्ब्युरेटर बसवून टाका. या इंजिनाचा कार्ब्युरेटर सगळीकडे मिळतो आणि महागही नाही. सोबत इग्निशन कॉइलही बदलून घ्या आणि इंजिनातले ऑइल तपासा. या जातीच्या अनेक इंजिनांत ऑइल कमी झाल्यावर करंट तोडणारा सेन्सर असतो आणि इंजिन फ्रेमवर तिरपे बसले असेल तर ऑइल पुरेसे असूनही तो करंट तोडतो.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

सेन्सरची सूचना एरवी योग्य आहे, पण या प्रकरणात ती लागू पडत नाही. प्रश्नकर्त्यांनी दिलेल्या माहितीतच निम्मे उत्तर आहे. वरून पेट्रोल टाकल्यावर इंजिन धडधडते याचा अर्थ करंट आहे, तो साधारण योग्य वेळी पडतो आहे आणि कॉम्प्रेशनही कामापुरते आहे. म्हणून कॉइलवर एक रुपयाही खर्च करू नये. नवा कार्ब्युरेटर आणलात आणि दोष कार्ब्युरेटरच्या बाहेर असला, तर तोही असाच मुका बसेल.

तुमचा पहिला तर्क, म्हणजे जेट मोठे झाल्याची शंका, लक्षणांशी जुळत नाही. जेट मोठे झाल्यास पेट्रोल जास्त येते, प्लग ओला होतो आणि त्याला वास येतो. तुमचा प्लग तर कोरडा आहे. याचा अर्थ पेट्रोल एकतर कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या, पेट्रोल साठवणाऱ्या वाटीपर्यंत पोचत नाही किंवा वाटीतून वर चढत नाही. या दोहोंपैकी काय घडते आहे, ते आधी ठरवू.

इंजिन पूर्ण थंड असताना आणि जवळपास विडी-काडी नसताना पेट्रोलचा कॉक उघडा. कार्ब्युरेटरच्या वाटीखाली दोन बोल्ट दिसतील. मधला बोल्ट वाटी धरून ठेवतो आणि बाजूचा तिरपा बोल्ट निचऱ्याचा असतो. तिरपा बोल्ट सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. धार अखंड चालली तर टाकी, नळी आणि फ्लोटची सुई (वाटीत येणारे पेट्रोल उघड-बंद करणारी) या तिन्ही गोष्टी ठीक आहेत असे समजावे. वाटीभर येऊन धार बारीक झाली तर टाकीचे झाकण सैल करून पाहा, कारण झाकणातले हवेचे छिद्र धुळीने बुजल्याची उदाहरणे आपल्या भागात उन्हाळ्याच्या तोंडावर नेहमी दिसतात. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवून तळाशी वेगळा थर किंवा गोळी साचते का, तेही पाहावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल धरते. डब्यात महिनोन्‌महिने ठेवलेल्या पेट्रोलमध्ये पाणी प्रमाणाबाहेर वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि वाटीच्या तळाशी असलेले जेट नेमके तेच ओढते.

वाटीपर्यंत पेट्रोल व्यवस्थित येत असेल तर माझा संशय तुमच्या नव्या फ्लँजवर आहे. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर कार्ब्युरेटरचे जे तोंड समोर दिसते, त्या तोंडावर मोठ्या भोकाच्या कडेला काही बारीक छिद्रे असतात. त्यांतले एक वाटीला बाहेरच्या हवेशी जोडते आणि बाकीची पायलट व मेन जेटच्या मार्गांना हवा पुरवतात. मूळच्या पॅकिंगमध्ये आणि डब्याच्या तोंडात या छिद्रांसाठी जागा सोडलेली असते. लेथवर केलेली फ्लँज सपाट असते आणि पॅकिंग घरी कापलेले असेल तर त्यात फक्त मधले मोठे भोक पाडलेले असते. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब पडतो, म्हणूनच ते नळीतून वर चढते. हवेची सुई न टोचलेल्या काचेच्या सलाईन बाटलीतले थेंब जसे थांबतात, तसे ते छिद्र बंद झाल्यावर पेट्रोल वाटीतच अडकून राहते.

पडताळा सोपा आहे. फ्लँज, तिचे पॅकिंग आणि फिल्टर पूर्ण काढा. कार्ब्युरेटर आणि फ्लँज दोन्ही त्याच दोन स्टडवर आवळलेले असतात, त्यामुळे फ्लँज काढल्यावर नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडकतात आणि कार्ब्युरेटर सैलच राहतो. मधली जागा भरायला वायसर घाला, पण ते छिद्रांवर येऊ देऊ नका. मग धूळ नसलेल्या जागी चोक लावून दोरी ओढा आणि प्लग काढून पाहा. प्लग ओला झाला तर दोष सापडला. तसे झाले नाही तर वाटी उघडून मेन जेटच्या वरची छिद्रांची पितळी नळी जागेवर आहे का आणि ड्रिलचा पितळी कीस तिच्या छिद्रांत अडकला आहे का, ते तपासावे लागेल. हेड, काळा इन्सुलेटर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधली दोन्ही पॅकिंग फाटलेली नाहीत याचीही खात्री करावी, कारण तिथून आत शिरणारी फुकटची हवाही प्लग कोरडा ठेवते.

पांढरे_सोने

सर, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. निचऱ्याच्या बोल्टमधून धार अखंड आली आणि बाटलीत पाण्याचा थर दिसला नाही. फ्लँज काढल्यावर तुमचा संशय खरा ठरला. पॅकिंग कॉर्कच्या पत्र्यातून कात्रीने कापलेले होते, त्यात मधले एकच भोक होते आणि दोन बारीक छिद्रांचे गोल ठसे कॉर्कवर स्पष्ट उमटले होते. पॅकिंगशिवाय, वायसर घालून ओढल्यावर इंजिन लगेच सुरू झाले.

आता नवीन अडचण उभी राहिली आहे. चोक काढल्यावर आयडलला (रेस न देता) इंजिन बरे चालते, पण रेस दिली की काळा धूर सोडून भकभकते आणि बसते. प्लग काजळीने काळा होतो. फ्लँजला छिद्रांसमोर खाचा पाडून घेतल्या आणि पॅकिंगही तशाच आकाराचे नवीन कापले, तरी हे लक्षण बदललेले नाही.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

आता मात्र जेटचाच दोष आहे. आयडलला इंजिन पायलट जेटवर चालते आणि ते तुमच्याकडे ठीक आहे. रेस दिल्यावर काम मेन जेटकडे जाते आणि बिघाड तिथेच दिसतो आहे. या इंजिनांचे मूळचे मेन जेट साधारण 0.70 मिलिमीटरच्या आसपास असते. त्याचे एक मिलिमीटर केले म्हणजे छिद्राचा व्यास दीडपटही झाला नाही असे वाटते, पण पेट्रोल वाहते ते क्षेत्रफळातून आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 0.70 चे 1.00 झाल्यावर क्षेत्रफळ दुपटीहून किंचित अधिक होते. उघड्या फिल्टरमुळे हवा थोडी वाढली असेल, दुप्पट नक्कीच झालेली नाही.

इथेनॉलमुळे जेट थोडे मोठे लागते हे म्हणणे चूक नाही. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे 9 भागच लागते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त द्यावे लागते. तो फरक दहा टक्क्यांच्या आतला आहे. 0.70 वरून 0.80 वर गेल्यास क्षेत्रफळ सुमारे 30 टक्के वाढते आणि उघडा फिल्टर व इथेनॉल या दोहोंसाठी सुरुवातीला तेवढे पुरेसे ठरावे.

ड्रिल केलेल्या जेटचे छिद्र सोल्डरने भरून पुन्हा पाडण्याचा प्रकार काही मिस्त्री करतात, पण छिद्राची आतली गुळगुळीत वाट एकदा बिघडली की मापाला अर्थ उरत नाही. मूळ मापाचे आणि 0.80 चे अशी दोन नवीन जेट आणावीत. 0.80 लावून पांदणीने भार घेऊन थोडे अंतर पळवावे, मग रेस न सोडता स्विचने इंजिन बंद करून प्लग पाहावा. प्लगच्या टोकाचे पोर्सेलिन (चिनी मातीचा भाग) फिकट तपकिरी असेल तर माप जमले. पांढरे पडले असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, आणि आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात तसे इंजिन चालवणे म्हणजे पिस्टन जाळणे होय. प्लगचा गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवावा.

माळरान (अचलपूर)

वरची चर्चा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. पहिली गोष्ट गव्हर्नरची. ही इंजिने पंप, वीडर आणि जनरेटरसाठी बनलेली आहेत आणि गव्हर्नर त्यांना मिनिटाला साधारण 3600 फेऱ्यांच्या आसपास धरून ठेवतो. आतला कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा, फ्लायव्हील बिडाचे आणि ऑइल रॉडच्या टोकाच्या चमच्याने उडवून दिले जाते, पंपाने नाही. गव्हर्नर काढून फेऱ्या दीड-दोन पट वाढल्या की आधी रॉड तुटतो किंवा बिडाचे फ्लायव्हील फुटते, आणि फुटलेले तुकडे सीटवर बसलेल्या माणसाच्या पायांपासून हातभर अंतरावर असतात. व्हिडिओत दाखवणारे लोक आधी पोलादी फ्लायव्हील आणि मजबूत रॉड बसवतात, ते दृश्य बहुधा कापलेले असते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पुतण्या आयटीआयला आहे म्हणजे कदाचित अठरा पूर्ण नसेल. मोटार वाहन कायदा 1988 नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागेत चालवता येत नाही आणि लोकांची ये-जा असलेला पांदण रस्ताही त्या व्याख्येत येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून वरच्या सरांनी सांगितलेली भाराची चाचणीही पांदणीऐवजी स्वतःच्या वावरातच करावी.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

माळरान यांचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. चाचणी वावरातच करावी, पांदणीचा माझा उल्लेख मागे घेतो. गव्हर्नर तसाच राहू द्यावा. जोर वाढवायचाच असेल तर मागच्या चाकाचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चक्र) चार-सहा दात मोठे घालावे, डबलसीट चढावर तो फरक जेटपेक्षा जास्त जाणवेल.

पांढरे_सोने

गव्हर्नरचा विषय आम्ही सोडून दिला आहे. पुतण्या सतरा वर्षांचा आहे, त्यामुळे गाडी वावराबाहेर जाणार नाही. 0.80 चे जेट यवतमाळला मिळाले. ते लावल्यावर काळा धूर थांबला आणि रेस पूर्ण घेते, मात्र रेस झटकन दिली की किंचित अडखळते. प्लग फिकट तपकिरी आहे.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

प्लगचा रंग योग्य असेल तर मेन जेटला हात लावू नये. ही अडखळ पायलटच्या बाजूची आहे. इंजिन गरम करून आयडलच्या मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सर्वाधिक स्थिर आयडल मिळेल तिथे थांबवावा आणि मग थ्रॉटलच्या स्क्रूने आयडल मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास आणावे. स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असेल तर तिचे फिरणे अडवणारे टोक तेवढे कापावे. एवढे करूनही अडखळत असेल तर पायलट जेट पुन्हा काढून कार्ब क्लीनरने धुवावे, आत तार घालू नये.