डबा घरी राहिला तर शाळेत नेऊन द्यावा का?

सायली_ठाणे
मुलगा पाचवीत आहे. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री नऊनंतर एकच प्रश्न येतो, "उद्या काय आणायला सांगितलंय?" मग कुणीतरी डायरीच्या पानाचा फोटो टाकतं. विचारणारी आई, सांगणारीही आईच, आणि ज्यांचा अभ्यास आहे ती मुलं केव्हाच झोपलेली. बाईंनी सांगितलेलं ऐकणं, लिहून घेणं, रात्री दप्तर भरणं ही दहा वर्षांच्या मुलाला सहज जमणारी कामं आपण त्याच्याकडून काढून घेतली आहेत.

माझं स्पष्ट मत आहे की जूनमध्येच मुलाला सांगावं, दप्तर तुझं. चित्रकलेची वही राहिली तर राहू द्यावी. डबा राहिला तर धावत जाऊन देऊ नये. मधल्या सुट्टीत पोटात कावळे ओरडतील, मित्र घासभर देतील, आणि दुसऱ्या दिवशी डबा ओट्यावर राहणार नाही. तत्त्वज्ञ रूसोने १७६२ मध्येच हे मांडलं होतं. मुलाने आपल्या खोलीची काच फोडली तर लगेच नवी बसवू नका, त्याला वारा लागू द्या. घरातल्या रोजच्या बोलण्याने मुलं फक्त आपला आवाज ऐकायचं बंद करतात.

जोशी_मास्तर
सायलीताई, तेहतीस वर्षं वर्गात उभा होतो, म्हणून विरोध नोंदवतो. रूसोने स्वतःची पाचही मुलं अनाथाश्रमात पाठवली. हाच विचार १८६१ मध्ये विस्ताराने मांडणाऱ्या इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरला मूलच नव्हतं. त्यांचा विचार तेवढ्याने खोटा ठरत नाही, पण आजारी पोराला थंडीत बसवायचं की नाही हा प्रश्न दोघांनाही घरात सोडवावा लागला नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. काच फुटली की वारा येतो, तो कुणी पाठवत नाही. वही राहिली की मात्र काय होतं? बाकावर उभं राहा, वर्गाबाहेर जा, सगळ्यांसमोर "तुझ्या आईला वेळ नाही का?" हे निसर्गाने केलेलं नसतं, माझ्यासारख्या माणसांनी केलेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे, तरी वर्गात काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. आई मागे सरली की मूल परिणामांच्या नव्हे, शिक्षकाच्या मूडच्या हाती जातं. डबा मी तरी नेऊन देईन.

रिकामी_दुपार
मास्तरांनी दाखवलेला फरक मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी नीट मांडला होता. एक आपोआप घडणारा परिणाम, दुसरा मोठ्यांनी ठरवलेला पण त्या कृतीशी थेट जोडलेला. दूध सांडलं तर पुसायचं, हे दुसऱ्यातलं. दूध सांडलं म्हणून टीव्ही बंद, ही शिक्षाच. आपल्याकडे तिसऱ्यालाच पहिल्याचं नाव देतात.

निमिषची_आई
माझ्या मुलाला, निमिषला, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि गोष्टी ध्यानात ठेवून करणं त्याला अवघड जातं. पहिली ते तिसरी त्याने जितक्या वेळा परिणाम भोगले तितके या धाग्यावरच्या कुणाच्या मुलाने भोगले नसतील. रोज काहीतरी हरवायचं, रोज बोलणी बसायची. त्यातून तो जबाबदारी शिकला नाही, "मी बावळट आहे" एवढंच शिकला. परिणामातून शिकायला आज रात्रीचं दप्तर आणि उद्या सकाळची फजिती यांचा धागा डोक्यात जुळावा लागतो. त्याचा तिथेच अडतो. दाराला अडकवलेली चित्रांची यादी आणि दप्तर भरताना शेजारी बसलेलं माणूस, याने फरक पडला. कृपया सरसकट नियम करू नका.

सायली_ठाणे
निमिषच्या आई, मान्य. ज्या मुलाला जमतच नाही त्याला सोडून देणं आणि ज्याला जमतं त्याचं काम आपण करत राहणं, या दोन्ही चुकाच. मी दुसरीबद्दल बोलतेय. मास्तर, शिक्षक अपमान करतात म्हणून आईने आयुष्यभर दप्तर भरायचं का? शिक्षकांशी बोलायला हवं.

झेडपी_गुरुजी
आमच्या गावच्या पोरींकडेही बघा जरा. आठवीपासून शाळा तालुक्याला. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे, पण सकाळी गाडी एकच. ती चुकली की दिवस गेला. चार-पाच वेळा चुकली की घरातले म्हणतात, बस झालं शिक्षण. उशिरा उठल्याचा हा केवढा परिणाम! बरं, उशिरा का उठली? पहाटे पाणी भरत होती. ज्या घरात चूक परवडते तिथेच हा प्रयोग करता येतो.

पुणेकर_दुचाकी
आणि ज्या घरात सगळंच परवडतं तिथे? सोळाव्या वर्षी गाडीची चावी देणारे पालक मला रोज दिसतात. "पडेल, शिकेल" म्हणतात. पडणारा दुसराच असतो. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले, आणि अल्पवयीन चालकाला सुरुवातीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने पालकालाच जबाबदार धरलं आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. सायलीताईंचं तत्त्व मला पटतं, पण परिणाम लहान हवा आणि ज्याने केलं त्यालाच सोसावा लागणारा हवा. डब्याला चालेल, चावीला नाही.

सायली_ठाणे
चावीबद्दल वादच नाही. म्हणून तर डब्यापासून सुरुवात करा म्हणतेय. दहाव्या वर्षी ज्याची प्रत्येक चूक, परिणाम त्याच्यापर्यंत पोचायच्या आत आईने निस्तरली, त्याला सोळाव्या वर्षी "नाही" कोण म्हणणार, आणि तो ऐकणार कसा?

झेडपी_गुरुजी
आम्ही शेवटच्या तासाची पाच मिनिटं राखून ठेवतो. उद्याचं फळ्यावर लिहायचं, पोरांनी उतरवायचं. राहिलं तर शेजारच्याला विचारायचं. पालकांना आम्ही कळवत नाही.

निमिषची_आई
गुरुजी, हे छान आहे. पण निमिषसारख्या मुलाने उतरवलंय की नाही, हे कुणीतरी त्याच्या बाकापाशी जाऊन बघायला हवं. चाळीस मुलांच्या वर्गात ते कोण करणार, हे मला शाळेकडून ऐकायचंय. तोपर्यंत माझा ग्रुप म्यूट होणार नाही.